आदेशात नेमके काय लिहून घ्यावे

कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात बाईचा अर्ज बहुधा एकाच घाटाचा असतो. सहा-सात पाने लग्नापासूनची हकिगत: मानपान, पहिले बाळंतपण, सासूचे टोमणे, गेल्या दिवाळीतली मारहाण. आणि अगदी शेवटी, विनंतीच्या परिच्छेदात, एक ओळ: ‘गैरअर्जदाराने अर्जदारास कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये असा आदेश व्हावा.’ न्यायालय हकिगत वाचते, पण आदेश देते तो विनंतीवर, आणि मग पुष्कळदा आदेशही तसाच निघतो. आता रात्री साडेदहाला नवरा दाराबाहेर उभा आहे. शिवीगाळ नाही, मारहाण नाही, नुसती थांबून थांबून बेल वाजवतो आहे. बाईने फोन केला म्हणून हवालदार येतो आणि आदेशाची प्रत हातात घेतो. हा ‘त्रास’ आहे की नाही, हे त्याने जिन्यात उभे राहून कसे ठरवायचे? तो दोघांची समजूत घालतो आणि निघून जातो. त्याच प्रतीत ‘गैरअर्जदाराने अर्जदार राहते त्या इमारतीच्या फाटकाच्या आत येऊ नये’ असे वाक्य असते, तर हवालदाराला ठरवायचे काही उरलेच नसते. माणूस फाटकाच्या आत आहे की बाहेर, एवढेच पाहायचे होते. संरक्षण आदेश मागणाऱ्याने सगळ्यात आधी हा फरक लक्षात घ्यावा. कायदा पुरेसा कडक आहे. तो लागू पडतो की नाही हे आदेशातल्या वाक्यांवर ठरते, आणि ती वाक्ये अर्जातच तयार करून द्यावी लागतात.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याआधी घरातल्या छळावर मुख्यतः दोन वाटा होत्या. एक फौजदारी, म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम ४९८ अ, जे आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आले आहे. दुसरी दिवाणी, म्हणजे मनाईचा दावा लावून तूर्तातूर्त हुकूम मागायचा. पहिल्या वाटेने छळणाऱ्याला कधीतरी शिक्षा होऊ शकते, पण आज रात्री पोरांना घेऊन झोपायचे कुठे, याचे उत्तर त्यात नाही. दुसऱ्या वाटेने हुकूम मिळतो, पण तो मोडला की पोलीस सांगतात, ‘दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.’ २००५ च्या कायद्याने या दोन्हींची सांगड घातली. मागणी दिवाणी स्वरूपाची, सुनावणी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, आणि आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय दखलपात्र आणि अजामीनपात्र. अर्ज दिला म्हणून कोणाला अटक होत नाही, अर्जापुरता कोणी आरोपीही ठरत नाही. कलम १८ एवढेच म्हणते की हिंसाचार घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे, असे दंडाधिकाऱ्याचे सकृतदर्शनी समाधान झाले पाहिजे. ‘घडण्याची शक्यता’ कायद्यानेच धरली आहे. म्हणजे कायद्याची नजर पुढच्या दिवसांवर आहे, आणि अर्ज मात्र मागच्या वर्षांत अडकून पडतात.

हा कायदा फक्त बायकोने नवऱ्याविरुद्ध वापरायचा, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्यात राहिलेली स्त्री, यांपैकी जी कोणी त्रास देणाऱ्या माणसाबरोबर एका घरात राहते किंवा पूर्वी राहिली आहे, तिला अर्ज करता येतो. मूळ कायद्यात गैरअर्जदार ‘सज्ञान पुरुष’ असावा अशी अट होती. मुंबईतल्या एका मायलेकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ती काढून टाकली, त्यामुळे सासू, नणंद, सून यांच्याविरुद्धही दाद मागता येते. एवढेच की, घरातून निघून जाण्याचा आदेश स्त्रीविरुद्ध देता येत नाही. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा इथे हक्क काय, हा दरडावणीचा प्रश्नही १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालानंतर पूर्वीइतका जोरदार राहिलेला नाही. घर नवऱ्याच्या मालकीचे नसले तरी ती तिथे संसार करत होती, तर ते ‘सामायिक घर’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. आणि हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. सततचा अपमान, धमक्या, लैंगिक जबरदस्ती, पगाराचे एटीएम कार्ड काढून घेणे, किराण्याला पैसे न देणे, दागिने परस्पर गहाण टाकणे, हे सारे कलम ३ मध्ये आहे.

अर्ज कुठे करायचा? जिथे ती कायमची किंवा तात्पुरती राहते, जिथे नोकरी करते, जिथे गैरअर्जदार राहतो किंवा जिथे प्रकार घडला, त्यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या दंडाधिकाऱ्याकडे. पुण्याहून मार खाऊन परभणीला माहेरी आलेल्या बाईला तारखेसाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही, आणि परभणीच्या न्यायालयाचा आदेश देशभर चालतो. परदेशातून परत आलेल्या मुलींनाही हीच तरतूद उपयोगी पडते. वकिलाशिवाय अर्ज करता येतो. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल नमुन्यात भरून घेतात, अर्ज तयार करायला मदत करतात आणि पुढे नोटीस बजावण्याची जबाबदारीही त्यांच्यावर असते. हा अहवाल नसला तरी आदेश देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘अधिकारी रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ असे ऐकायला मिळाले तर थेट न्यायालयात अर्ज द्यावा. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे जावे. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कामाला असणारी, चांगला पगार घेणारी बाईसुद्धा त्यास पात्र आहे, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. घटस्फोटाचा दावा आधीच कौटुंबिक न्यायालयात चालू असेल तर कलम २६ प्रमाणे तिथेही हेच आदेश मागता येतात.

आता अर्जाच्या मजकुराकडे येऊ, कारण खरी मेहनत इथे आहे. सगळी हकिगत सांगितल्याशिवाय न्यायाधीशांना कळणार कसे, असे वाटणे साहजिक आहे. पण पंधरा वर्षांचा छळ सात पानांत सारख्याच वजनाने सांगितला की त्यातली कुठलीच घटना डोळ्यांपुढे उभी राहत नाही. जुने थोडक्यात सांगून शेवटच्या काही महिन्यांवर थांबावे. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होते, काय झाले, नंतर कुठे गेलात. ‘वारंवार मारहाण केली’ या वाक्यापेक्षा ‘रविवारी दुपारी स्वयंपाकघरात मनगट पिरगाळले, संध्याकाळी सरकारी दवाखान्यात दाखवले, केसपेपर सोबत जोडला आहे’ हे वाक्य कितीतरी जड असते. पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवली असेल तर तिची प्रत, बँकेचे पासबुक, व्हॉट्सअॅपचे संदेश, शेजाऱ्याचे किंवा भावाचे शपथपत्र, सारे जोडावे. मोबाइलवरचा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि मूळ फोन विकू किंवा रीसेट करू नये. कागद नसतील तरी अर्ज थांबवू नका. चार भिंतींत घडणाऱ्या गोष्टींना साक्षीदार नसतो हे न्यायालयाला ठाऊक असते, आणि शपथेवरचा तपशीलवार मजकूर हाही पुरावाच आहे. फक्त तो वाढवून सांगितलेला नसावा. एक खोटी तारीख उलटतपासणीत सापडली की नऊ खऱ्या तारखा तिच्याबरोबर बुडतात.

यानंतर विनंतीचा परिच्छेद. पुष्कळ वकिलांच्या कॉम्प्युटरवर याचा साचा तयार असतो. नावे बदलली की अर्ज तयार. (फी मात्र साच्याप्रमाणे कमी होत नाही.) साच्यात कलमाचीच भाषा उतरवलेली असते. ती राहू द्यावी, पण तिच्याखाली आपली वाक्ये घालून घ्यावीत. ती शोधायची रीत सोपी आहे: हा माणूस पुढच्या महिन्यात नेमके काय करील, असे स्वतःला विचारायचे. तो ऑफिसच्या खाली येऊन थांबत असेल, तर ऑफिसचे नाव, पत्ता आणि ‘इमारतीत व तिच्या आवारात येऊ नये’. शाळा सुटताना मुलाला परस्पर घेऊन जाण्याची भीती असेल, तर शाळेचे नाव. फोन करत असेल, तर ‘अर्जदाराच्या अमुक क्रमांकावर, तिच्या आईच्या अमुक क्रमांकावर, स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत, फोन, संदेश, ईमेल किंवा समाजमाध्यमांतून संपर्क साधू नये’. यातले ‘दुसऱ्यामार्फत’ विसरू नये, कारण पहिल्या आठवड्यात नवरा गप्प राहतो आणि त्याच्या मित्राचे फोन सुरू होतात. लॉकर, संयुक्त खाते, घर विकण्याची हालचाल यांवर मनाई हवी असेल तर बँक, शाखा, मिळकतीचे वर्णन द्यावे. कलम १८ मध्ये तीही सोय आहे. आसरा देणाऱ्या भावाला किंवा साक्षीदार शेजारणीला धमक्या येत असतील, तर त्यांच्यासाठीही मनाई मागता येते. स्त्रीधनाची यादी वजन आणि वर्णनासह वेगळी जोडावी. एका बाबतीत मात्र तपशील हात राखून द्यावा. ती कुठे राहते हे त्याला माहीत नसेल, तर तो पत्ता विनंतीत लिहून आपणच त्याला कळवू नये. तिथे फोन, ऑफिस आणि शाळा यांवरची मनाई मागून थांबावे.

मुलांच्या भेटीचा प्रश्न अर्जातच सोडवलेला बरा. संपर्कच नको असे मागितले आणि मुलाची भेट मोकळी सोडली, तर भेटीच्या निमित्ताने सगळे दरवाजे पुन्हा उघडतात. ‘रविवारी सकाळी अकरा ते एक, अमुक बागेत, मुलाला आजीने आणावे आणि न्यावे’ असे सुचवले तर न्यायालयालाही ते पटते आणि मनाईला फट राहत नाही. वन रूम किचनमध्ये दोघे एकत्र राहत असतील तर ‘अमुक खोलीत येऊ नये’ ही मनाई कागदावरच राहील. तिथे कलम १९ खाली त्याने घर सोडावे, किंवा तिला तशाच दर्जाची दुसरी जागा अथवा भाडे द्यावे, असे मागणे व्यवहार्य असते. इथे एक कायदेशीर बारकावा आहे. गुन्हा ठरतो तो कलम ३१ प्रमाणे ‘संरक्षण आदेशाचा’ भंग. कलम १९ चा निवास आदेश किंवा कलम २० चा पैशांचा आदेश मोडला तर हेच कलम लागते का, यावर उच्च न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. म्हणून ज्या गोष्टीवर पोलिसांनी लगेच हालावे असे वाटते ती मनाई, मग ती घरात येण्याची का असेना, कलम १८ खालीही मागावी आणि आदेशात तसा उल्लेख यावा याकडे वकिलाचे लक्ष वेधावे.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात ‘से’ म्हणजे लेखी उत्तर दाखल करायला मुदत, वकील गैरहजर, नोटिशीची बजावणी नाही, असे करत तारखा पडत जातात. त्यामुळे मुख्य अर्जाबरोबर त्याच दिवशी कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज आणि शपथपत्र द्यायलाच हवे. धोका तातडीचा असेल तर समोरच्याला न ऐकता एकतर्फी आदेश मिळू शकतो. त्यासाठी नोटीस मिळेपर्यंत थांबले तर काय होईल, हे शपथपत्रात वेगळ्या परिच्छेदात लिहावे. स्थानिक पोलीस ठाण्याने मदत करावी असा निर्देश त्याच वेळी मागावा. आदेशाची प्रत विनामूल्य मिळते आणि ती पोलीस ठाण्यालाही जायला हवी. जाते की नाही याची वाट न पाहता स्वतः एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्यावी, एक शाळेत द्यावी, एक सोसायटीच्या वॉचमनकडे. भंग झाला की त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून पोलिसांकडे, संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. सीसीटीव्हीचे चित्रण लवकर पुसले जाते, ते मागून ठेवावे. पहिला भंग किरकोळ म्हणून सोडून दिला की दुसऱ्या वेळी ‘मग तेव्हा का आला नाहीत?’ असा प्रश्न हमखास येतो. आणि आपण होऊन त्याला जेवायला बोलावले, फोन करत राहिलो, तर आदेश कागदावर असूनही त्याचा जोर जातो. समेट करायचा असेल तर जरूर करावा, पण आदेशात बदल करून घेऊन.

कागदाच्या तुकड्याने मारणारा हात थांबतो का, असे विचारणारे बरोबर विचारतात. संतापाच्या भरात आलेल्या माणसाला आदेश अडवत नाही. जीव धोक्यात असेल तेव्हा ११२ किंवा १८१ ला फोन करणे आणि घराबाहेर पडणे हे पहिले. अर्ज दुसऱ्या दिवशी. पण रोजचा छळ संतापाने कमी आणि हिशेबाने अधिक चालतो, आणि त्या हिशेबात ‘हा घरचा मामला आहे’ ही खात्री मोठी असते. नुसते फाटक ओलांडले तर अजामीनपात्र गुन्हा, हे कळल्यावर तो हिशेब बदलतो. दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: कोर्टाची पायरी चढलीस की संसार मोडला. उलट, हा कायदा संसार न मोडता वापरता येतो, हेच त्याचे वैशिष्ट्य. घटस्फोट मागावा लागत नाही, त्याच घरात राहून आदेश घेता येतो, आणि परिस्थिती सुधारली तर कलम २५ प्रमाणे तो रद्दही करून घेता येतो. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: एकतर्फी आदेश म्हणजे न ऐकता दिलेली शिक्षा, आणि खोट्या अर्जांचे काय? खोटे अर्ज होत नाहीत असे कोणी म्हणू नये. पण अंतरिम आदेश हा तात्पुरता असतो. गैरअर्जदार आपले म्हणणे मांडून तो उठवायला किंवा बदलायला सांगू शकतो आणि ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करू शकतो. शिवाय इथेही उत्तर नेमकेपणातच आहे. ‘त्रास देऊ नये’ या मोघम आदेशाखाली कुठल्याही भांडणातून गुन्हा उभा करता येतो, तर ‘अमुक इमारतीत येऊ नये’ या आदेशाखाली निर्दोष माणसाला आपण कुठे उभे राहायचे नाही हे ठाऊक असते, आणि तो तिथे नव्हता हे त्याला सिद्धही करता येते. नेमका आदेश दोन्ही बाजूंना राखतो.

या कायद्यात न बसणारेही अनेक आहेत. शेजारी, जुना सहकारी, लग्नाला नकार दिल्यावर मागे लागलेला तरुण, भावकीतला भाऊ, यांच्याशी घरगुती नाते नाही; आणि त्रास पुरुषाला होत असेल तर अर्जदार म्हणून त्याला इथे जागा नाही. पाठलाग होणाऱ्या स्त्रीने भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली फिर्याद द्यावी. शांतताभंगाची भीती असेल तर पोलिसांना सांगून चॅप्टर केस करता येते, ज्यात समोरच्याकडून ठरावीक मुदतीचा बंधपत्राचा जामीन घेतला जातो. उरते ती जुनी वाट: दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा आणि त्यासोबत निशाणी ५ चा, म्हणजे तूर्तातूर्त हुकुमाचा, अर्ज. तिथे सकृतदर्शनी बाजू, हुकूम न मिळाल्यास कोणाची अडचण जास्त आणि भरून न येणारे नुकसान, या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. हुकूम मोडल्यास मिळकतीची जप्ती किंवा तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास होऊ शकतो, पण त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. पोलीस आपण होऊन येत नाहीत. म्हणून तिथे तर वाक्ये अधिकच नेमकी हवीत. आणि समोरच्याला न ऐकता हुकूम मिळाला असेल, तर अर्ज, दाव्याची प्रत आणि जोडलेले कागद लगेच नोंदणीकृत टपालाने त्याला पाठवून तसे शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करावे लागते. ते राहिले तर मिळालेला हुकूम तेवढ्याच कारणावरून उठवला जाण्याची भीती असते.